कन्नूरच्या मुत्तप्पन देवळात माळकरी आईला न्यायचंय, सल्ला हवाय

पंचवटीकर
मंडळी, जानेवारीत केरळचं ठरतंय पण ते मुन्नार-अलेप्पीवालं पॅकेज नको. कन्नूरजवळ परस्सिनीकडवू म्हणून गाव आहे, तिथलं मुत्तप्पनचं देऊळ बघायचंय, वळपट्टणम नदीच्या अगदी काठाला आहे आणि तिथे तेय्यम, म्हणजे माणूस देवाचं रूप घेऊन नाचतो तो विधी, रोज होतं म्हणे. सोबत बायको आणि आई, आईची सत्तरी झालीये, गुडघे कुरकुरतात. खरी अडचण वेगळीच आहे, आई माळकरी, निवृत्तीनाथांची यात्रा कधी न चुकवणारी, आणि ह्या देवाला नैवेद्य ताडीचा अन् सुक्या मासळीचा! घरी अजून तोंड उघडलेलं नाही. कोणी जाऊन आलंय का? जायचं कसं, राहायचं कुठे, आणि आईचं काय करू ते आधी सांगा.

ओझरवाली
आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्याही शुद्ध शाकाहारी. ताडी-मासळी देवाची, आपल्या हातावर काय पडतं तर उकडलेलं कडधान्य, ओल्या खोबऱ्याचे तुकडे आणि वर चहा. हो, चहा प्रसादातच. सासूबाई तिथेच खूश, म्हणाल्या चहा देणारा देव पहिल्यांदा बघितला 😄 पण आईंना आधी सांगा हो, तिथे गेल्यावर कळलं तर दिवसभर अबोला.

सातपूरचा_बंड्या
सांगू नका काही, त्या गर्दीत कोण बघतंय नैवेद्याला.

ओझरवाली
बंड्या, तुझं लग्न व्हायचंय ना अजून? म्हणून असले सल्ले.

सातपूरचा_बंड्या
😂 बरं मी गाडीचं सांगतो. नाशिकरोडवरनं मंगला एक्सप्रेस थेट कन्नूरला जाते, कोकण रेल्वेने, मुंबईला जाऊन गाडी बदलायची भानगड नाही. फक्त उतरवते आडवेळी, मध्यरात्र उलटल्यावर, त्यामुळे आई सोबत आहे तर स्टेशनजवळ रूम आधीच घेऊन ठेव. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल बदलतं, जानेवारीत तो प्रश्न नाही. कन्नूरहून देऊळ वीसेक किलोमीटरच्या आत आहे, बस मिळतात पण तुम्ही टॅक्सीच करा.

रविवार_कारंजा
जरा सविस्तर लिहितो कारण बरेच जण संध्याकाळी टॅक्सीने जातात, अर्धा तास बघतात आणि झालं तेय्यम म्हणून परत येतात.

मुत्तप्पनची रूपं दोन. वेळ्ळाट्टम म्हणजे लहान मुकुटाचं आणि तिरुवप्पना म्हणजे मोठ्या, माशाच्या आकाराच्या मुकुटाचं, पहिल्याला शिवाचा अंश मानतात आणि दुसऱ्याला विष्णूचा. संध्याकाळी साडेसहाच्या आसपास फक्त वेळ्ळाट्टम असतं. दोन्ही एकत्र बघायची तर पहाटे, साडेपाचच्या सुमाराला पोचा, आठ-साडेआठपर्यंत चालतं. म्हणून देवळाजवळच्या एखाद्या साध्या लॉजवर रात्र काढा, संध्याकाळचंही बघा आणि पहाटे पुन्हा या. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत तिरुवप्पना होत नाही, डिसेंबरच्या सुरुवातीला पुत्तरी उत्सवापासून परत चालू, तेव्हा जानेवारी चांगलाच. तरी निघायच्या आधी देवस्थानाला फोन करा, एरवीही एखादे दिवशी नसतं.

आपल्याकडे सुरगाणा-पेठकडे बोहाडा बघितला असेल तर थोडा अंदाज येईल, मुखवटा चढला की माणूस देव. पण इथे मुखवटा नाही, चेहराच रंगवतात, चेंडा म्हणजे तिकडचा ढोल वाजत असतो, हातात धनुष्यबाण कारण देव शिकारी आहे. हे तेय्यम वण्णान समाजातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आलीत आणि मुकुट चढल्यावर त्यांच्यापुढे सगळे हात जोडतात, जात-धर्म कोणी विचारत नाही. आणि नाच संपला म्हणून उठू नका!! खरं तर पुढेच सुरू होतं. लोक रांग लावतात आणि मुत्तप्पन एकेकाशी बोलतो, तुमचा हात हातात घेतो, मल्याळममध्ये भराभर काहीतरी सांगतो, तुम्ही दक्षिणा हातात ठेवायची. माझ्यापुढे एक बाई होती, ती दाराशी आल्यापासून रडत होती, तिचा हात त्याने बराच वेळ सोडलाच नाही. मागची रांग थांबलेली, पण कोणी हूं की चूं केलं नाही. भाषा कळली नाही तरी रांगेत उभं राहाच, दक्षिणेची नोट आधीच वेगळी काढून ठेवा. मोबाईल खिशात.

पंचवटीकर
बापरे, हे कुठे वाचायला मिळालं नव्हतं. कुत्र्यांचं काय? बायकोला भीती वाटते.

रविवार_कारंजा
कुत्री असतात, थेट देवळात फिरतात, दारातच पितळी कुत्रे आहेत. मुत्तप्पनचा सोबती कुत्रा, प्रसाद आधी त्याला मग आपल्याला. अंगावर येत नाहीत, पण हाकलायचं नाही बरं का, तिथे कोणी हाकलत नाही.

पंचवटीकर
अपडेट. आईला काल सांगून टाकलं, जेवताना. ती शांतपणे म्हणाली, आपल्या खंडोबाला बोकड चालतो, त्याच्याबरोबरही कुत्रा असतो, तेव्हा तू कुठे विचारायला आला होतास? विषय संपला. उलट आता तिला त्या देवाशी बोलायचंय, मराठीत बोललेलं चालेल का विचारतेय 🙈

ओझरवाली
चालेल की! सासूबाई बोलल्या होत्या. आईंना गर्दीत उभं करू नका, लवकर जाऊन कडेला टेकायला जागा धरा. आणि तारीख बघा हं, निवृत्तीनाथांची यात्रा पौष वद्य एकादशीला, जानेवारीतच यायची शक्यता आहे.

पंचवटीकर
अरे हो की! बरं झालं बोललीस, तिकिटं आजच काढत होतो. यात्रेनंतरचीच बघतो.

सातपूरचा_बंड्या
मग आजच वेटिंग बघून घे. परतीला एखादा दिवस हातात ठेव, देवळाजवळच्या जेट्टीवरून सरकारी बोट सुटते खाडीतनं माट्टूलकडे, तिकीट अगदीच किरकोळ. आईला खिडकीची जागा दे.