'मॅनिॲक कॉप': कॉर्डेलची पूर्वकथा सांगायला हवी होती का?

रातकिडा:
विल्यम लस्टिगचा 'मॅनिॲक कॉप' (१९८८) परवा पुन्हा पाहिला. न्यूयॉर्कमध्ये रात्री एका बाईच्या मागे लुटारू लागतात. समोर पोलीस दिसतो. ती जिवाच्या आकांताने त्याच्याकडे धावते आणि तो तिचीच मान मोडतो. इतर स्लॅशरपटांत (एकामागून एक खून पाडणाऱ्या खुन्याच्या भयपटांत) माणूस खुन्यापासून पळून पोलिसाकडे जातो, इथे जायचं कुठे? मी अक्षरशः गारठलो.

पण मग कळतं की हा खुनी म्हणजे मॅट कॉर्डेल, सिटी हॉलमधल्या (शहराच्या कारभारातल्या) भानगडी उकरणारा पोलीस. त्याला सिंग सिंग तुरुंगात पाठवतात आणि त्यानेच पकडलेले कैदी त्याच्यावर सुरे चालवतात. इथे मला त्याची दया येऊ लागली आणि भीती गेली. लॅरी कोहेनने पटकथेत हे लिहायलाच नको होतं.

सांजवात:
अजिबात पटलं नाही. दया आली म्हणून भीती का जावी? पोलीस खात्यातले वरचे, म्हणजे कमिशनर आणि कॅप्टन, मरतात ते थेट सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाच्या मिरवणुकीच्या वेळी. तोवर बळी कोण? रस्त्यावरून चाललेली माणसं. वड्याचं तेल वांग्यावर! वरच्यांनी चिरडलेला माणूस खालच्यांना चिरडतो, आणि तेही गणवेश न उतरवता. पूर्वकथा काढली तर उरेल फक्त धिप्पाड अंगाचा एक राक्षस.

कोपऱ्यातली खुर्ची:
तुम्ही दोघंही कॉर्डेलवरच अडलात. खुनी पोलीस असल्याची बातमी फुटल्यावर बंद पडलेल्या गाडीतली बाई जवळ आलेल्या पोलिसाला घाबरून गोळी घालते, तो प्रसंग आठवा. तो बिचारा निर्दोष असतो. कॉर्डेल तिथे नाहीच, तरी मेलेला माणूस त्याच्या खात्यावर. सुमारे ११ लाख डॉलरच्या सिनेमात हे जमलं, कारण त्याला रक्त, मुखवटा काही लागत नाही. लोकांचा विश्वास उडाला की पुरे.

रातकिडा:
गाडीचा प्रसंग मान्य, तो मी विसरलोच होतो. पण तो माझ्याच बाजूचा आहे. त्या बाईला कॉर्डेलचं नावही ठाऊक नाही, तिला फक्त गणवेश दिसतो.

सांजवात:
तिला ठाऊक नाही, पण आपल्याला पुढे कळतं ना! त्याला गाडणाऱ्यांनीच त्या निर्दोष पोलिसाचाही जीव घेतला. कॉर्डेलची कहाणी नसती तर हा हिशेब कुणाकडे मागायचा?