मस्तिस्लाव म्हणजे काय रे भाऊ?

आम्ही चारपाच जण महिन्यातून एकदा जमून जुन्या तबकड्या ऐकतो. या खेपेला बेटहोवनचे चेलो सोनाटा आहेत, चेलोवर रोस्त्रोपोविच आणि पियानोवर रिख्टर. अर्ध्या पानाचं टिपण काढायचं काम माझ्याकडे असतं. त्यात मी हौसेने पूर्ण नावं लिहिली : मस्तिस्लाव रोस्त्रोपोविच, स्व्यातोस्लाव रिख्टर. टिपण व्हॉट्सॅपवर टाकलं आणि दोन मिनिटांत पहिला प्रश्न, "मस्ती कोण करतंय?" पाठोपाठ दुसरा, "दोघे भाऊ का हो?"

हसून झालं, पण उत्तर मलाही येईना. या 'मस्तिस्लाव'चा अर्थ काय? उच्चार नेमका कसा? आणि रशियात हे नाव आपल्याकडच्या संजय-विजयसारखं घरोघरी असतं का? जाणकारांनी सांगावं.

भाऊ नव्हेत

ताई, भाऊ नाहीत, फक्त नावांचा साचा एक आहे. आपल्याकडे एका पिढीत नीलेश, शैलेश, कमलेश, मंगेश असे 'ेश'वाले झाले, तसे तिकडे 'स्लाव'वाले. यारोस्लाव, मिरोस्लाव, व्लादिस्लाव, रोस्तिस्लाव, हवे तेवढे.

'स्लावा' म्हणजे कीर्ती. आपला 'श्रु' धातू आणि हा शब्द चुलतभाऊ. ज्याच्याबद्दल चार लोकांच्या कानावर येतं, तो कीर्तिवंत. वेदांत 'श्रवस्' म्हणजे कीर्तीच. महाभारतातला भूरिश्रवा किंवा रावणाचा बाप विश्रवा घ्या, ही अस्सल 'स्लाव' छापाची नावं आहेत. ग्रीकांच्या पेरिक्लीस, थेमिस्टोक्लीसमधला 'क्लीस' त्याच घरातला.

रिख्टरचं 'स्व्यात' म्हणजे पवित्र. त्याचं नातं अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातल्या 'स्पेन्त'शी लागतं. एखादा पारशी शेजारी असेल तर त्याला 'अमेशा स्पेन्ता' विचारा, तो अर्धा तास सांगेल.

राहिलं 'म्स्ति'. तो सूड. रशियनमध्ये सूड म्हणजे 'म्येस्त्', सूड घेणं म्हणजे 'म्स्तीत्'. थोडक्यात, तुमच्या तबकडीवर एकीकडे पवित्र कीर्ती आणि दुसरीकडे सुडाची कीर्ती बसली आहे.

संस्कृतच ना शेवटी

म्हणजे सगळं इथूनच गेलं तर! आम्ही सांगतो तेव्हा हसता.

नाही हो

चुलतभाऊ म्हटलं, मुलगा नाही म्हटलं. आजोबा दोघांचे एक. धागा तिकडे नेऊ नका, हात जोडतो.

सूड? बाळाला?

मला हे पटत नाही. पाळण्यात घातलेल्या पोराच्या कानात कोणी 'सूड' म्हणून कुर्र करेल का?

उसनं आणि फेड

रास्त शंका आहे, आणि उत्तर दोन प्रकारे देता येतं.

पहिलं असं की दोन तुकड्यांच्या नावात दर वेळी सरळ अर्थ लागलाच पाहिजे असं नाही. राजघराण्यात आज्याचा एक तुकडा, मामाचा एक, असं जोडून नाव बनायचं. कीव्हच्या थोरल्या मस्तिस्लावच्या (1076 ते 1132) मुलांची नावं पाहा : इझ्यास्लाव, रोस्तिस्लाव, स्व्यातोपोल्क, व्सेवोलोद. तेच पत्ते पिसून पुन्हा वाटलेले.

दुसरं मला जास्त आवडतं. व्युत्पत्तिकोश हा 'म्स्ति' एका जुन्या धातूकडे नेतात, ज्याचा मूळ अर्थ अदलाबदल, देवाणघेवाण. संस्कृतातलं 'मिथस्', म्हणजे परस्परांत, त्याच मुळाचं. 'मिथुन'ही तिथलाच. म्हणजे सूड हा आधी रक्ताचा शब्द नव्हता, हिशेबाचा होता. मराठीला हे नवीन नाही. आपण सूड 'उगवतो' खरा, पण उट्टं 'फेडतो', 'परतफेड' करतो, 'तुझं उसनं ठेवणार नाही' म्हणून दम देतो. वाण्याच्या वहीतले शब्द मारामारीत वापरतो. ज्या काळी भावाच्या खुनाचा हिशेब भावानेच चुकता करायचा असे, त्या काळी 'कुणाचं उसनं न ठेवणारा' हे नाव बाळाला शोभून दिसत असणार.

जाता जाता त्या थोरल्याबद्दल एक मौज. त्याला तीन नावं होती. घराण्यातलं मस्तिस्लाव, बाप्तिस्म्याचं फ्योदोर आणि उत्तरेकडच्या गाथांमधलं हाराल्ड. आई गिदा ही इंग्लंडच्या हॅरल्डची मुलगी, म्हणजे 1066 साली हेस्टिंग्जच्या लढाईत पडला तो राजा. आजोबांचं नाव नातवाला. आपल्याकडे पत्रिकेतलं एक, पाळण्यातलं एक आणि हाक मारायचं तिसरंच असतं, त्यातलाच प्रकार.

उच्चाराचं काय?

म, स, त सलग? मी आरशासमोर करून पाहिलं. जीभ मध्येच कुठेतरी 'अ' घुसडतेच.

गळलेला स्वर

घुसडू द्या, तुमच्या जिभेचं फार चुकत नाही. मुळात तिथे स्वर होताच. सुमारे 1130 साली याच थोरल्या मस्तिस्लावने नोव्हगोरोदच्या यूरी मठाला बुइत्सी गाव दान दिलं. त्याचं चर्मपत्र शिल्लक आहे. आपल्याकडे शिलाहारांचे ताम्रपट निघत होते, साधारण तोच काळ. सुरुवात अशी : 'से अझ मिस्तिस्लाव, व्होलोदिमिर सिन', म्हणजे 'हा मी मस्तिस्लाव, व्लादिमिरचा पुत्र'. ('अझ' म्हणजे 'अहम्'. वरच्या मित्राला उचकवायला नको, तरी सांगतो.) 'म'वर मी जी वेलांटी दिली आहे तो फार ऱ्हस्व, जवळजवळ गिळलेला 'इ' होता. त्यासाठी लिपीत वेगळं अक्षरच होतं. पुढच्या शंभरेक वर्षांत असे स्वर बोलण्यातून गळाले आणि मागे व्यंजनांची मोळी उरली.

गळण्याचा नियम मात्र आपल्या तोंडात रोज असतो. 'करत' म्हणा. शेवटचा 'अ' गेला, पण 'र'मधला स्वच्छ ऐकू येतो. आता 'करतो' म्हणा. शेवटी भक्कम 'ओ' आला आणि 'र'चा 'अ' गायब, तोंडून 'कर्तो' निघतं. रशियनमध्ये बरोब्बर हेच झालं. 'म्येस्त्'च्या शेवटी नुसता गिळका स्वर होता, तो गेला आणि आधीचा तगला. 'मिस्ति'च्या शेवटी भक्कम 'इ', म्हणून आधीचा गेला. 'माणूस' आणि 'माण्सं' हेही त्याच चालीचं.

शेवटच्या 'व'चा रशियन तोंडात 'फ' होतो : म्स्तिस्लाफ. पोलिश रूप तर 'म्श्चिस्वाफ', ते आरशासमोरही करू नका.

घरोघरी?

ताईंचा तिसरा प्रश्न राहिलाच. घरोघरी अजिबात नाही. मी मॉस्कोत दोन वर्षं होतो. व्लादिमिर आणि सेर्गेई मोजता येणार नाहीत इतके भेटले, मस्तिस्लाव एकही नाही. 'स्लावा' म्हणून हाक ऐकली की मागून बहुधा व्याचेस्लाव यायचा.

कारण सरळ आहे. ही राजपुत्रांची नावं. 1223 च्या काल्का नदीच्या लढाईत एकाच बाजूने निदान तीन मस्तिस्लाव उतरले होते, कीव्हचा, चेर्निहिव्हचा आणि 'धाडसी' म्हणून गाजलेला तिसरा. मंगोलांचे वकील या राजांनी आधी मारले होते, त्याची फेड मंगोलांनी केली. पहिले दोघे जिवाला मुकले. कीव्हवाल्याला तर, बखरी सांगतात, फळ्यांखाली दाबून वर मेजवानी झडली. धाडसी तेवढा निसटला. सुडाची कीर्ती भलत्याच्याच वाट्याला गेली म्हणायची.

नंतर पंचांगातल्या संतांची नावं ठेवायची रीत पक्की झाली. थोरला मस्तिस्लाव संतांत गणला जातो, पण इव्हान-निकोलाईपुढे त्याला कोण विचारतो? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या नावांची हौस परतली आणि शिकल्यासवरल्या घरांतून तुरळक मस्तिस्लाव दिसू लागले. चित्रकार दोबुझिन्स्की 1875 चा, गणिती केल्दिश 1911 चा, तुमचा रोस्त्रोपोविच 1927 चा. केल्दिश सोव्हिएत अंतराळ मोहिमांमागचं मोठं डोकं. टायटॅनिकच्या सांगाड्यापर्यंत 'मीर' पाणबुड्या ज्या जहाजावरून सोडल्या, त्यावर त्याचंच नाव आहे. बेलारूसमध्ये या नावाचं एक गावही आहे.

धागाकर्तीकडून

सगळ्यांचे आभार. टिपणात 'म्स्तिस्लाव' लिहून पाहिलं, पण 'म्स्ति' हे जोडाक्षर छापल्यावर मुंगी चिरडल्यासारखं दिसतं. तेव्हा 'मस्तिस्लाव'च ठेवते, 'करतो'मधला 'अ' आपण लिहितोच की. खाली एक ओळ वाढवली आहे : 9 नोव्हेंबर 1989 ला बर्लिनची भिंत उघडली गेल्यावर हा माणूस धावत तिथे गेला आणि 11 तारखेला मागून आणलेल्या खुर्चीवर बसून बाख वाजवला.

गटावर लगेच विचारणा आली, "खुर्ची परत केली का?"

:)

नावाला जागला असेल तर केली असणार. आणि ताई, सारखं मस्तिस्लाव म्हणायचा कंटाळा आला तर 'स्लावा' म्हणा. जगभरचे वादक त्याला त्याच नावाने हाक मारायचे.