तळ्यावर शेवाळाचा थर, पहाटे मासे वर येतात. मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकू का?

खाजगी जमिनीवर साधारण ३००० चौ. मी.चं तळं आहे, मधोमध दीड मीटर खोल. एका अंगाला खत घातलेलं शेत, दुसरीकडून गुरं थेट पाण्यात उतरतात. निम्मं पाणी तंतुमय शेवाळानं झाकलंय. पहाटे मासे तोंड वर काढतात, ऊन चढलं की खाली जातात. मासे विकायचे नाहीत. बेडूक, चतुर, पाणपक्षी हवेत. मोरचूद किती टाकावं? की गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडू? बांधावर झाडं चालतील का?

पाणकावळा: मोरचूद नकोच. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री तोच ओढतं, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. सगळं शेवाळ एकदम मेलं तर कुजताना उरलासुरलाही संपेल आणि सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसतील. क्षारता (अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे) कमी असलेल्या पाण्यात तर मोरचूद माशांना थेट विषारी.
दाताळ्यानं ओढून काढा, एका वेळी तिसरा हिस्साच. ओढलेला ढीग दिवसभर पाण्याला लागूनच ठेवा, त्यातल्या अळ्या नि गोगलगायी परत पाण्यात उतरतात. मग लांब नेऊन कंपोस्टात घाला. काठावर सोडलात तर पहिल्या पावसात त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) पुन्हा तळ्यात.
मूळ दुखणं तेच, खतातून नि शेणातून येणारं स्फुरद; त्यावरच शेवाळ वाढतं. शेताकडून १० मीटर रुंद गवताचा पट्टा, खत न घालता. गुरांना कुंपण, पाणी पाइपानं बाहेरच्या हौदात.

लव्हाळी: गवत्या शेवाळाआधी कोवळ्या पाणवनस्पती फस्त करतो, बेडूक अंडी घालतात त्याच. खाल्लेलं विष्ठेतून पाण्यातच येतं. डासांसाठी गॅम्बुसिया (डासांच्या अळ्या खाणारा मासा) ही नको, बेडकांची पिल्लं खातो.
बेडूक हवे असतील तर वेगळं डबकं करा: ५०-६० सेंमी खोल, उन्हाळ्यात आटणारं, पुरातही तळ्याशी न जुळणारं. आटलं की बेडकांची पिल्लं खाणारे मासे टिकत नाहीत, हाच फायदा. मोठ्या तळ्याचा एक काठ १:१० उताराचा ठेवा, चिखलात चरणारे पक्षी तिथेच येतात. पाणकणीस मात्र लावू नका, उथळ पाणी गिळून टाकतं.

चिकणमाती: बांधावर झाड नाही म्हणजे नाही. मेल्यावर मुळं कुजतात, पोकळ नळ्या राहतात, त्यातून पाणी पाझरतं आणि बांध आतून पोखरतो. गवत लावा, खेकड्यांची बिळं बघत राहा, सांडवा मोकळा ठेवा. झाडं बांधापासून दूर.

धागाकर्ता: आणि आजच्या माशांचं काय?

पाणकावळा: खाणं टाकत असाल तर बंद. मध्यरात्रीपासून ऊन पडेपर्यंत पंपानं वरचं पाणी उचलून तळ्यातच फवारा. फूटझडप (पंपाच्या पाइपाचं पाणी ओढणारं तोंड) तळाशी नको. तिथलं काळं, वास मारणारं पाणी वर आलं तर मासे आणखी लवकर जातील. गाळ पाणी आटल्यावर काढा, पण यंदा अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात किडे नि बिया शिल्लक राहतात.