अपडेटने घात केला तेव्हा… तुमचे अनुभव सांगा

उंबरठा:
काल आईच्या लॅपटॉपवर ‘अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका’ आलं आणि माझ्या पोटात गोळा. आई म्हणाली, “चहा घे, होईल आपोआप.” तिला काय माहीत १९ जुलै २०२४!

शुक्रवार होता. बुधवारी आषाढी झालेली, निम्मं ऑफिस गावी जाऊन तिथूनच कामावर. मी हिंजवडीत डेस्कटॉप सपोर्टला. दहाच्या सुमारास पहिला फोन, “स्क्रीन निळी झालीये.” मग दुसरा. मग मोजायचं सोडलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं बिघडलेलं अपडेट आपल्या ९:३९ ला सुटलं आणि १०:५७ ला मागे घेतलं. पण तेवढ्यात ज्यांनी गिळलं ती मशिनं चालू होतायत, निळी पडतायत, परत चालू होतायत. नेटला लागायच्या आत आडवी. इथे बसून दुरुस्त करणार कशी? एकेकाला धरून सेफ मोडमध्ये (विंडोज गरजेपुरतंच चालू होतं तो) न्यायचं, २९१ नंबरची फाइल उडवायची. काम दोन मिनिटांचं. पण डिस्कला कुलूप, म्हणून आधी ४८ आकडी रिकव्हरी की.

चिपळूणला एक मॅडम होत्या. मी फोनवर की सांगतोय, त्या जोडीजोडीने टाइप करतायत. “एकोणऐंशी.” “हं, आठ नऊ.” तीनदा चुकली. चौथ्यांदा मागून सासूबाईंचा आवाज, “अगं, एकोणऐंशी म्हणजे सात नऊ!” मशीन चालू. त्यानंतर मी प्रत्येकाला एकेक आकडाच सांगितला.

तुमचं येऊ द्या.

रात्रपाळी:
आमच्याकडे किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या तोच निळा. पुढचं विचारू नका.

कढीपत्ता:
😂 सासूबाईंना नमस्कार सांगा. माझी लेक इंग्रजी शाळेत, तिला एकोणसाठ आणि एकोणसत्तर एकच वाटतात.

त्रैराशिक:
त्या कीमध्ये सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. कुठला गट चुकला ते कागदावरही शोधता येतं.

उंबरठा:
@त्रैराशिक, तेव्हा कुठे होतात हो!

मिरजेचा:
आम्हाला वरून आदेश, पंधरा वेळा रीस्टार्ट करा, मध्येच नवीन फाइल उतरली तर उतरली. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं ऐकून होतो, ही पंधरा. माझं नवव्याला पावलं. शेजारच्याचं एकविसाव्यालाही नाही, तो म्हणे तुझी श्रद्धा जास्त.

कारकून_क्र_२:
सीए ऑफिस. आमच्याकडे काहीच झालं नाही, तसलं महागडं सॉफ्टवेअर घेतंय कोण. दुसऱ्या दिवशी जीएसटीच्या ३बी रिटर्नची शेवटची तारीख, जग बंद पडलेलं आणि आम्ही निवांत रिटर्नं भरतोय. आमचा घात २०२१ च्या सप्टेंबरात. अपडेट आलं आणि शेअर केलेला प्रिंटर बाकीच्या मशिनांना ओळखच देईना. प्रिंटर सरांच्या केबिनमध्ये. चार दिवस पेनड्राइव्ह घेऊन आत जायचं, “सर, एकच पान.” पाचव्या दिवशी सरांनी स्वतःच ते अपडेट काढून टाकलं. कामासाठी नाही, दुपारची झोप मोडायची म्हणून.

घाटमाथा:
त्या दिवशी भाऊजींना विमानतळावर हाताने लिहिलेला बोर्डिंग पास मिळाला. सीट १ए की ७ए, कुणालाच लागेना. अजून फ्रिजवर लावलाय.

कढीपत्ता:
फ्रिजवरून आठवलं, चुंबकं हल्ली कुठे चांगली मिळतात?

घाटमाथा:
तुळशीबागेत बघा.

बत्तीस_बिट:
मायक्रोसॉफ्टनेच नंतर अंदाज दिला, ८५ लाख मशिनं. आणि हे विंडोजच्या एक टक्क्याहूनही कमी! कारण वाचून मी डोकंच धरलं. प्रोग्रॅमला २१ गोष्टी हव्या होत्या, हातात दिल्या २०. एकविसावी शोधायला नको तिथे हात घातला आणि कोसळला. ते काय साधं गेमचं ॲप नव्हे, थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातच बसलेलं, म्हणून अख्खं मशीन घेऊन गेला.

मिरजेचा:
लग्नात एक पान कमी पडावं आणि मांडवच खाली यावा तसं 😅

नवखी:
थोडं अवांतर. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले ना? माझं मशीन ११ घेतच नाही. काय करू?

बत्तीस_बिट:
लिनक्स.

रात्रपाळी:
वाटच बघत होतो, अजून कुणी कसं म्हणालं नाही.

उंबरठा:
@नवखी, आधी फोटो बाहेरच्या डिस्कवर काढून घे, मग बोलू. आईचं अपडेट नीट झालं बरं का. फक्त पत्त्यांचा खेळ जागेवर नाहीये म्हणून सकाळपासून मला हाका चालू आहेत. आलोच.