गोदाम दरवर्षी मोजतो, स्वतःची मोजणी मात्र पहिल्याच ओळीला अडते

प्रश्न:
सुट्या भागांच्या धंद्यात मला 17 वर्षं झाली. हिशेबाचं वर्ष संपलं की गोदाम बंद ठेवून वॉशरपासून बेअरिंगपर्यंत सगळं मोजतो. दारू सोडून आठ महिने झालेत. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी चौथीवर आहे, म्हणजे न घाबरता स्वतःचा कसून आढावा घ्यायचा, तोही लेखी. माझे स्पॉन्सर, म्हणजे या पायऱ्यांवर मला वाट दाखवणारे जुने सदस्य, म्हणाले, "तुम्ही धंदेवाले, तुम्हाला जमेल." तीन रविवार बसलो. 'भावाशी भांडण' एवढं लिहिलं आणि त्याने काय काय केलं यावर दोन पानं भरली. वाचून पाहिलं तर माझ्याबद्दल एक ओळ नव्हती. सुरुवात कशी करावी?

उत्तर 1:
मी 22 वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. मोजणाऱ्या माणसाच्या हातात आम्ही पुस्तकी आकडा, म्हणजे वहीप्रमाणे किती नग असायला हवेत तो, कधीच देत नसू. तक्त्यावर वस्तूचं नाव, रॅकचा क्रमांक आणि रिकामा रकाना. आकडा आधी दिसला की खोक्यात 226 नग असले तरी माणूस 240 लिहून मोकळा होतो. लबाडी नसते त्यात, डोळ्यांना तेच दिसतं. भावाच्या बाबतीत तुमचा आकडा आधीच ठरलेला आहे. म्हणून आता फक्त घटना लिहा: केव्हा, कुठे, मी काय बोललो, काय केलं. का केलं, हे आज नको. तफावत कशामुळे आली ते मोजणी झाल्यावर शोधायचं. चलनं, परतीच्या नोंदी तेव्हाच काढायच्या.

आणखी एक. पुरवठादाराच्याच मालकीचा, आम्ही अजून विकत न घेतलेला माल आमच्या रॅकवर पडलेला असायचा. त्याला वेगळी चिठ्ठी लावायची, आपल्या साठ्यात धरायचा नाही. भावाची चूक तसा माल समजा.

आणि मोजणी चालू असताना आवक-जावक बंद! या दिवसांत भावाला फोन करून जाब विचारू नका.

उत्तर 2:
मी हिशेब तपासनीस आहे, आणि दारू सोडून मला चार वर्षं झाली. वरचं सगळं पटलं. फक्त मोल लावताना जपा. मालाची किंमत धरताना खरेदीची रक्कम आणि आज विकून पदरात पडेल ती रक्कम, यांतली कमी असेल ती धरतात. मी 'मी कष्टाळू आहे' ही नोंद दहा वर्षांपूर्वीच्या दराने धरत होते. अखेरचा साठा फुगवला की यंदाचा नफा तेवढाच फुगतो, आणि तोच साठा पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा साठा होत असल्याने तेव्हा तेवढाच नफा खाली येतो. माझ्या बाबतीत ते 'पुढचं वर्ष' फार वाईट गेलं.

पण चांगला माल लपवू नका. खरोखर असलेलं न लिहिणं हीसुद्धा चुकीची मोजणीच.

हिशेबावर लिहिणारा इटलीचा गणितज्ञ लुका पाचोली याने 1494 साली व्यापाऱ्यांना सांगितलं होतं की आपल्याकडचं सगळं, रोकड, दागिने, येणी-देणी, एकाच दिवसात लिहून काढावं. माणसाचं तसं होत नाही. मला अकरा आठवडे लागले. शिवाय दहावी पायरी आहेच, रोज थोडं थोडं मोजायला.

प्रश्नकर्ता:
तक्ता आखला. 31 ओळी झाल्या. भावाच्या नावापुढे लिहिलं: 'वडिलांच्या आजारपणात त्याने तीनदा बोलावलं. दोनदा गेलो नाही. एकदा पिऊन गेलो.' हे लिहायला दीड तास लागला. भांडणाबद्दल त्यात काहीच नाही.

चांगल्या मालात एकच ओळ सुचली: या आठ महिन्यांत कामगारांचा पगार एकदाही लांबला नाही. बायकोला विचारलं, तर तिने आणखी दोन सांगितल्या. त्या तिच्याच शब्दांत उतरवून घेतल्या आहेत. रविवारी सगळं स्पॉन्सरना वाचून दाखवणार आहे.