मदत हवी आहे: कोहळ्याचा मसाला केक मधोमध बसतोय

येत्या रविवारी आम्ही पंधरा जण रामटेकजवळ खिंडसीला डबे घेऊन चाललोय. पराठे, चिवडा, संत्री सगळं वाटलं गेलं आणि मी उगाच ‘केक माझ्याकडे’ म्हणून बसले. कृती अमेरिकेतल्या नणंदेची. तिकडे पानं गळायला लागली की घरोघरी भोपळा-दालचिनी सुरू होते म्हणे. (नागपूरबाहेरच्यांसाठी: आमचं कोहळं म्हणजे तुमचा लाल भोपळा, पेठ्याचं पांढरं नव्हे.)

काल करून पाहिला. मैदा 200 ग्रॅम, गूळ 150 ग्रॅम, 2 अंडी, तेल 100 मिली, कोहळ्याचा गर 250 ग्रॅम, खायचा सोडा 1 टीस्पून. दालचिनी, सुंठ, जायफळ, दोन लवंगा. कोहळं कुकरला दोन शिट्ट्या करून मिक्सरमधून काढलं. ओटीजी 180 वर, भांडं 7 इंची. वीस मिनिटांत असा टम्म फुगला की लेक काचेला नाक लावून बसली. पस्तिसाव्या मिनिटाला बाहेर काढला तर मधे खड्डा! वर दोन बोटं केक, खाली ओला शिरा. शिवाय मागाहून कडवट लागतो. सोड्यामुळे, की मी हौसेनं किसून घातलेल्या संत्र्याच्या सालीमुळे? सासूबाई म्हणाल्या, “यापरीस कोहळ्याचे बोंडं तळले असते तं.”

नणंद वरून क्रीम चीजचं आयसिंग लाव म्हणते. दुपारपर्यंत टिकेल का?

प्रतिसाद 1
ताई, घोळ कुकरचा आहे. तिकडे डब्यातला तयार गर वापरतात, तो चमच्यात गोळा होऊन बसतो. तुमच्या गरात शिट्टीचं पाणी उतरलंय. फोडी वाफवा किंवा ओटीजीतच भाजा, मग गर कढईत कोरडाच परता. कड सोडायला लागला की उतरवा, आणि 250 ग्रॅम तेव्हा मोजा, आधी नाही.
सोडाही जास्त झालाय. अर्धा टीस्पून पुरे, सोबत बेकिंग पावडर 1 टीस्पून आणि दोन मोठे चमचे दही. सोड्याला आंबट काही मिळालं नाही की तो साबणासारखा लागतो, नुसत्या गुळावर भागत नाही. कालवलं की लगेच भट्टीत. आणि पस्तीस मिनिटांत होत नसतो हा, पंचेचाळीसला सुरी घालून पाहा.

प्रतिसाद 2
सालीचंही खरं आहे बरं का. आपल्या संत्र्याची साल सैल, किसणीखाली दबते आणि पांढरा भागही निघून येतो. कडू तोच. अख्खं फळ फिरवत फिरवत वरचा नारिंगी रंग तेवढा घ्या.
आयसिंगचं मनातून काढा. उन्हात, डब्यात, पन्नास किलोमीटर? पिठीसाखर भुरभुरवा, झालं. शनिवारी सकाळीच करून ठेवा, मसाला दुसऱ्या दिवशी मुरतो.

धागाकर्ती
आज परत केला. गर परतून परतून 400 चा 240 झाला, हात दुखला. पण खड्डा नाही! सुरी अठ्ठेचाळीसाव्या मिनिटाला कोरडी निघाली. सासूबाईंनी दुसरा तुकडा मागून घेतला, बोंडांचं नाव नाही. आता एवढंच सांगा, घरूनच कापून न्यावा की तिथे?

प्रतिसाद 2
कापूनच न्या, बटर पेपर घालून स्टीलच्या डब्यात. आणि गडावर देवदर्शनाला जाणार असाल तर डबा गाडीतच ठेवा. तिथली माकडं पिशवीला सोडत नाहीत, केकला काय सोडणार!