मदत हवी आहे: खाऱ्या वाऱ्यात पीएस४ आडवा झालाय, गणपतीआधी उठेल का?

किनाऱ्यावरचा:

मंडळी, धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

घर मालवण तालुक्यात. समुद्र आणि आमची पडवी यांच्यामध्ये सुरूची झाडं आणि एक पाणंद, एवढंच. पीएस४ स्लिम, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, २०१८ साली मुंबईत नोकरीला असताना घेतला. तिथे दोन वर्षं एक तक्रार नाही. २०२० मध्ये मी सामानासकट गावी आलो आणि इथलाच झालो. तौक्ते आलं तेव्हा, मे २०२१ मध्ये, अर्ध्या घराची कौलं उडाली, वीज किती दिवस नव्हती ते मोजणं सोडून दिलं होतं. तेव्हा हा पठ्ठ्या खोक्यात, वर ताडपत्री, मजेत होता. त्यातून वाचला आणि आता साध्या जून महिन्यात गेला, याचंच जास्त वाईट वाटतंय.

लक्षणं अशी. दोन वर्षांपासून पंखा विमानासारखा ओरडतोय. या मे महिन्यात खेळता खेळता ‘फार गरम झालाय’ असा संदेश यायला लागला आणि बंद पडायचा. मृग लागल्यापासून तेही नाही. बटण दाबलं की एकदा बीप, निळा दिवा उघडझाप करतो, आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळं गप्प. टीव्हीवर ‘सिग्नल नाही’.

तालुक्याबाहेरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. तीन आठवडे ठेवला आणि ‘बोर्ड गेला, साडेनऊ हजार होतील, ग्यारंटी नाही’ म्हणून परत केला. उघडून पाहिलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. मागच्या जाळीत कुंभारणीने केलेलं मातीचं घर होतं, ते जसंच्या तसं परत आलं.

आता भाचा चतुर्थीच्या दोन दिवस आधी येणार. मुंबईहून येताना तो आजीला ‘कशी आहेस’ विचारायच्या आधी मला ‘चालू आहे ना?’ विचारतो. साडेनऊ हजार घालू का? की नवा पीएस५ घेऊ? आणि घेतलाच तर या घरात ठेवू कुठे? अनुभवी लोकांनी सांगावं.

मालवणी मसाला:

अरे, कुंभारणीन आत घर बांधल्यान आणि तू बोर्डाक नावां ठेवतंस? आधी तां काढ!

माझ्या पंपाच्या स्टार्टरात पाल अडाकलेली. दोन दिस मोटर बंद. वायरमन इलो, पाल भायर काढल्यान, दोनशे रुपये घेतल्यान आणि गेलो.

घाटावरची:

मी कोल्हापूरची, तुमच्या खाऱ्या हवेतलं कळत नाही, पण पैशांचं कळतं. पाच वर्षांपेक्षा जुन्या यंत्रावर साडेनऊ हजार, तेही बिनग्यारंटी? नका घालू. पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आला, पुढे ५४,९९० झाला. यंत्रं जुनी झाली की स्वस्त होतात ही आपली समजूत या धंद्यात चालत नाही. घ्यायचाच तर थांबून फायदा नाही. डिस्कशिवायचा स्वस्त पडतो, तोही बघा.

किनाऱ्यावरचा:

ताई, डिस्कशिवायचा नको. आमच्याकडे फायबर अजून पाणंदीच्या पलीकडच्या खांबापर्यंतच पोचलीय. फोनच्या फोर-जीवर भागवतो, तेही माडीच्या पायरीवर बसलं तर. एकेक गेम शंभर जीबीच्या घरात जातो. डाउनलोड लावला तर पुढच्या चतुर्थीला खेळायला मिळेल. डिस्क असली की निदान मुख्य गेम तरी उतरतो, वरचे अपडेट गेले खड्ड्यात. भाच्याला क्रिकेट २४ खेळायचाय, तो पीएस४ वरही आहे. म्हणून तर जीव अडकलाय.

आणि मसाला, घर काढायचं लक्षात आलं नाही असं नाही. कुंभारणीचं घर मोडू नये म्हणते आई.

जुना रेडिओ:

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा आणि घर मोडा. त्याच जाळीतून गरम हवा बाहेर पडते. ती बुजली म्हणजे मे महिन्यातल्या संदेशाचं अर्धं कारण सापडलं.

मी रत्नागिरीकडे तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. पीएस४ माझ्या काळातला नाही, नातवाचा उघडलाय दोनदा. पण हवा तीच आहे, म्हणून सांगतो.

तौक्तेतून वाचला आणि आता गेला, याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय. मला नाही. तौक्तेत तो बंद होता. पंखा फिरत नव्हता. नंतरची वर्षं तुम्ही तो पडवीकडच्या भिंतीला लावून रोज चालवला असणार (चुकत असेन तर सांगा). पंखा दर मिनिटाला समुद्राचा वारा आत ओढतो. त्या वाऱ्यात खाऱ्या पाण्याचे बारीक कण असतात. पाणी उडून जातं, मीठ बोर्डावर बसतं.

नुसतं बसलेलं मीठ फार काही करत नाही. स्वयंपाकघरात जाऊन मिठाची बरणी बघा. एप्रिलात खडखडीत, जूनमध्ये तळाला पाणी. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की स्वतः ओल ओढून विरघळायला लागतं. आणि समुद्राचं मीठ शुद्ध नसतं, त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरतं. म्हणजे आपल्याकडे ते बारमाही दमट आणि पावसात चक्क पातळ. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं. बोर्डावर जिथे दोन पिनांमध्ये केसाएवढं अंतर आहे तिथे हे पाणी पूल बांधतं, वर विजेमुळे तांबं खात सुटतं. हिरवट-पांढरी बुरशी दिसते ना चार्जरच्या टोकाला, तीच. बुरशी नव्हे ती, गंज आहे.

म्हणून माझी दुकानातली गिऱ्हाइकं मृगानंतर वाढायची. मीठ वर्षभर साठायचं, पाऊस फक्त निमित्त.

आता कामाचं. निळा दिवा लुकलुकून बंद होणं म्हणजे बोर्डच गेला असं नाही. वीजपुरवठा, हार्ड डिस्क, एचडीएमआयचं तोंड (टीव्हीकडे जाणारी केबल लागते ते), यांतलं काहीही असू शकतं. चिप बोर्डापासून सुटली असेल तर मात्र तुमच्या-माझ्या हातातलं काम नाही. सोप्यापासून सुरुवात करा. स्लिमची हार्ड डिस्क काढायला आख्खं यंत्र उघडावं लागत नाही. मागच्या कोपऱ्यात छोटं झाकण सरकतं, आत एक स्क्रू, की डिस्क ट्रेसकट बाहेर येते. प्लग काढून मगच हात घाला. तिच्या पिना आणि आतलं तोंड बघा आणि इथे सांगा. बाकी नंतर.

वाचनमात्र होतो:

इतका खटाटोप कशाला, तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवा. माझा फोन असाच वाचला. नाहीतर पेट्रोलने धुवा, आमच्या होडीच्या इंजिनाचे पार्ट तसेच धुतो.

जुना रेडिओ:

तांदळाने पाणी फार ओढलं जात नाही, पीठ मात्र भोकांत जातं. आणि तांदूळ मीठ काढत नाही, इथे दुखणं मिठाचं आहे. तुमचा फोन समुद्रात पडला होता की विहिरीत? समुद्रात पडलेला फोन आधी गोड्या पाण्याने धुवायचा असतो. काही फोनना आयपी६८ (पाण्यात टिकण्याचा दर्जा) असतो तो गोड्या पाण्यापुरता, खाऱ्याची हमी कोणी देत नाही.

पेट्रोल प्लास्टिक खातं आणि घर पेटवतं. इंजिनाला करा, बोर्डाला नको. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, मोबाइल दुरुस्तीवाले आयपीए म्हणतात, आणि मऊ ब्रश. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं.

खाजणकाठ:

रेडिओकाकांनी सगळं सांगितलंय, फक्त विजेचं राहिलं. माझा टीव्ही आणि बहिणीच्या मुलाचा कन्सोल एकाच संध्याकाळी गेले, मे अखेरीस, पाऊस पडायच्या आधी. प्लग काढलेले होते हो! डिशची केबल काढायची राहिली. छपरावरच्या छत्रीवरून टीव्हीत, टीव्हीतून एचडीएमआयमधून कन्सोलमध्ये. तेव्हापासून गडगडलं की आधी एचडीएमआय ओढतो, मग बाकीचं.

अर्थिंगचंही बघून घ्या. आपला जांभा कोरडा झाला की वीज जमिनीत नीट उतरत नाही. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून उन्हाळ्यात पाणी ओतत राहावं लागतं. पीएस४ च्या वायरला तर दोनच पिना असतात, त्याला अर्थिंग मिळतच नाही. पण फ्रिजसारख्या तीन पिनांच्या वस्तूंना मिळतं.

किनाऱ्यावरचा:

अपडेट देतोय. आयपीए मागवलं, सहा दिवसांनी आलं, कारण कुरियरवाला आमच्या वाडीत फक्त मंगळवारी येतो.

आधी कुंभारीण. माडाचा हीर घेऊन मातीचं घर कोरलं. आई मागे उभी राहून बघत होती. घर चार नळ्यांचं होतं, बोटाएवढ्या. एक फुटली आणि आतून कोळी पडले. एक, दोन करत सहा, सुकलेले, पाय पोटाशी घेतलेले. कुंभारीण पिल्लांसाठी आत शिधा भरून ठेवते हे शाळेत वाचलं होतं, तो माझ्या पीएस४ मध्ये भरला असेल असं वाटलं नव्हतं. पिल्लू मात्र नव्हतं, बाकीच्या नळ्यांना भोक पडलेलं, म्हणजे बिऱ्हाड उडून गेलेलं. हे बघून आई म्हणाली, मग काढ.

मग हार्ड डिस्क. रेडिओकाका, तुम्ही म्हणालात तसंच. पिनांच्या एका टोकाला पांढरं पीठ, दोन पिना हिरव्या. ब्रशने आयपीए लावून तीनदा पुसलं, एक दिवस माजघरात उघडं ठेवलं (पडवीत नाही, शिकलो), मग बसवलं.

बटण दाबलं. बीप. निळा. निळा. निळा. मी डोळे मिटले होते, आईने सांगितलं पांढरा झाला म्हणून.

टीव्हीवर आलं की डिस्क तपासतोय. मग गोठला. आता?

जुना रेडिओ:

छान. आता घाई नको. पूर्ण बंद करा. मग पॉवर बटण दाबून धरा, पहिली बीप सोडून द्या, सातेक सेकंदांनी दुसरी येईल तेव्हा बोट काढा. सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीच्या पर्यायांची यादी, येईल. कंट्रोलर केबलने जोडा, बिनतारी चालत नाही तिथे. पाचवा पर्याय, डेटाबेस (आत काय कुठे आहे त्याची नोंद) पुन्हा बांधायचा. त्यात खेळलेलं जात नाही. सहावा-सातवा चुकूनही दाबू नका, सगळं पुसलं जाईल.

किनाऱ्यावरचा:

झालं! अर्धा तास लागला, पण मुख्य पडदा आला. २०१९ मधला माझा सेव्ह केलेला गेमसुद्धा आहे. पंखाही बराच शांत झालाय.

ठेवायचं कुठे ते अजून कोणी सांगितलं नाही.

जुना रेडिओ:

माजघर, पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, जमिनीपासून हातभर वर. मागे-बाजूला वीतभर मोकळी जागा. काचेच्या कपाटात कोंडू नका, मीठ वाचेल पण उष्णतेने मरेल. बंद करून थंड झाला की सुती कापड टाका, चालू असताना नाही. पावसाळ्यात खेळायला कोणी नसलं तरी रोज अर्धा तास चालवा. गरम यंत्रावर ओल धरत नाही. आमच्याकडे लोक ‘पावसाळ्यात कोण टीव्ही बघतंय’ म्हणून चार महिने बंद ठेवायचे आणि गणपतीत माझ्याकडे घेऊन यायचे.

जास्त दिवस घर बंद राहणार असेल तर झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. निळं जेल गुलाबी झालं की ओल भरली समजा, मंद आचेवर भाजलं की परत निळं.

आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की एकदा पूर्ण उघडून ब्रशने साफ करा. मीठ पावसाच्या आधी निघालं पाहिजे, नंतर नाही.

घाटावरची:

मी पीएस५ चा आग्रह मागे घेते. आयपीए केवढ्याला पडलं?

किनाऱ्यावरचा:

साडेतीनशे, कुरियर धरून. 🙂

पण भानगड संपली नाही. आज क्रिकेट २४ ची डिस्क आली. तोंडाशी धरली की यंत्र घुं करतं आणि आत घेत नाही. ढकलली तर बाहेर. भाचा परवा येतोय.

खाजणकाठ:

आत रबराचा रोलर असतो, त्यावर मिठाचा आणि तेलकट थर बसतो, मग डिस्क निसटते. प्लग काढा. जुन्या लग्नपत्रिकेचं जाड कार्ड घ्या, त्यावर पातळ सुती कापड गुंडाळा, आयपीए जेमतेम लावा, टिपकायला नको. तोंडातून सरकवून रोलरवर मागे-पुढे घासा. पाच-सहा वेळा, दर वेळी कापड बदलून. चिकाटी हवी.

मालवणी मसाला:

खयच्या लग्नाची पत्रिका घेतंलंस, आधी आईक इचार.

किनाऱ्यावरचा:

आईला विचारूनच घेतली, दोघांचं पटलं नाही अशा लग्नाची. कापड तीन वेळा काळं निघालं, चौथ्यांदा राखाडी. दुपारी डिस्क घेतली. आता कॉपी होतेय, ६२ टक्के. ढग आलेत, एचडीएमआय ओढायला शेजारीच बसलोय.